मंगळवार-शुक्रवारची सकाळ

"घोटभर चहाच दिलाय, सिस्टर. तेवढ्यानं काय हुतंय?"

जत तालुक्यातल्या एका गावाहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या मावशी आमच्या सिस्टरना विनवत होत्या. शेजारच्या बाकावर त्यांचे यजमान बसले होते. साठी उलटलेला माणूस, डोक्याला टोपी, अंगात घरी धुतलेला पांढरा सदरा. दोन महिन्यांपूर्वी 'माझ्यापायी घर बुडालं, मला जेवायचा हक्क नाही' असं म्हणत त्यांनी अन्न टाकलं होतं. घर बुडालेलं नव्हतं, पण हे त्यांना कुणीही पटवू शकत नव्हतं. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसात, पुरेसे दिवस देऊन झाली. वजन उतरतच राहिलं. मग दाखल करून तीन वेळा ईसीटी (भूल देऊन विजेचा उपचार) दिली, जेवण सुरू झालं, घरी सोडलं. आज चौथी होती. वाटेत कवठेमहांकाळला गाडी थांबली तेव्हा ते बायकोला म्हणाले, "चहा घेऊ या गं." दोन महिन्यांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. "मी न्हाई कशी म्हणू, तुम्हीच सांगा," मावशी मला म्हणाल्या.

दुधाचा चहा पोटात असताना भूल देता येत नाही. बेशुद्धीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेततं. म्हणून हलका आहार, दूध, दुधाचा चहा यांनंतर किमान सहा तास जावे लागतात, साध्या पाण्यानंतर दोन. सहा तास भरेपर्यंत आमचे भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियांना निघून गेलेले असणार होते. त्या दोघांना आम्ही परत पाठवलं. मशीन चालू होतं, औषधं कपाटात होती, सगळा स्टाफ हजर होता, रुग्णही दारात येऊन बसला होता. आणि उपचार झाला नाही.

मेंदू-उत्तेजन उपचारांचा विभागीय कार्यक्रम चालवायचा म्हणजे काय करायचं, हे मला त्या सकाळी कळायला लागलं. तोवर मी स्वतःला त्या उपचाराची तज्ज्ञ समजत होते. विजेची मात्रा किती ठेवायची, इलेक्ट्रोड कुठं लावायचे, आकडी किती सेकंद टिकली पाहिजे, हे सगळं मला येत होतं. पण उपचाराचा अर्धा भाग आमच्या खोलीच्या बाहेर घडतो: एसटीत, स्टँडवर, आदल्या रात्री घरातल्या स्वयंपाकघरात. त्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे एक रिवाज सुरू झाला. प्रत्येक सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास सिस्टर उद्याच्या प्रत्येक घरी फोन करतात. रात्री जेवण किती वाजता झालं पाहिजे, सकाळी बीपीची गोळी कशी घ्यायची, सोबत कोण येणार, परतीची गाडी कितीची आहे, आणि चहा कुठं प्यायचा. चहा उपचारानंतर आमच्याकडेच मिळतो. त्यासाठी शेगडी आणि पातेलं आम्ही मुद्दाम घेतलं.

हे पुस्तक अशा रिवाजांचं आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूरचा पश्चिम भाग, एवढ्या पट्ट्यातल्या रुग्णांसाठी चौदा वर्षं काम करताना जे जमलं, जे चुकलं आणि जे दुरुस्त केलं, ते आमच्या सिस्टरनी, भूलतज्ज्ञांनी, समाजसेवा अधीक्षकांनी आणि मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांनी आपापल्या शब्दांत लिहिलं आहे. डॉक्टरांसाठी इंग्रजीत चांगले ग्रंथ आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात रुग्णाला पहिल्यांदा पाहणारी सिस्टर, घरी जाणारी आशाताई, सहीसाठी कागद समोर आल्यावर हात थरथरणारा मुलगा, यांच्यासाठी मराठीत मला काही सापडलं नाही. म्हणून हे.

विषयाची ओळख करून द्यायची तर आधी 'शॉक' या शब्दाला सामोरं जावं लागेल. ईसीटी म्हटलं की कुणाला कळत नाही, शॉक म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणि जे कळतं ते बहुतेक सिनेमातलं असतं. हातपाय बांधलेला, किंचाळणारा नायक आणि खटका ओढणारा दुष्ट डॉक्टर. १९७५ च्या 'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट'नं हे चित्र जगभर पक्कं केलं, आपल्याकडच्या हिंदी चित्रपटांनी ते वारंवार वापरलं. त्यात भर म्हणून आपल्या बोलण्यातलं 'याला येरवड्याला पाठवा', 'ठाण्याला भरती करा' आहेच. राज्यात वर्षानुवर्षं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. चारपैकी दोन गावांची नावं म्हणींसारखी वापरली जातात, यावरून समाजानं हा आजार किती दूर ठेवला होता ते कळतं.

पण हे चित्र निव्वळ सिनेमानं रंगवलं असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. शिकत असताना एका रुग्णालयात मी 'डायरेक्ट' ईसीटी पाहिली आहे. डायरेक्ट म्हणजे भूल न देता, स्नायू शिथिल न करता. चार मामा चार हातपाय धरायला, एक जण हनुवटी दाबायला. वीज सोडताच रुग्णाची शुद्ध हरपते, त्यामुळे ती आकडी त्याला आठवत नाही, हे खरं. पण त्याआधीची दहा मिनिटं आठवतात. रांगेत उभं राहून आपल्या पुढच्या माणसाला काय होतंय ते पाहिलेलं आठवतं. त्या रांगेतल्या एका तरुणाची पाठ नंतर आठवडाभर दुखत होती. एक्स-रे काढला तेव्हा मणका दबल्याचं दिसलं. "आकडीत होतं असं कधीकधी," असं मला सांगितलं गेलं. मी मान डोलावली. मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची होते, हे त्या मान डोलावण्याचं समर्थन होत नाही.

वाईट याचं वाटतं की त्या काळी उपाय माहीत नव्हता असंही नाही. थोडं मागं जाऊन सांगते. १९३४ साली बुडापेस्टमध्ये लादिस्लास मेदुना यांनी कापराचं इंजेक्शन देऊन मुद्दाम आकडी आणायला सुरुवात केली. अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांना मारक आहेत अशी त्यांची समजूत होती. ती समजूत पुढे टिकली नाही, पण काही रुग्ण सुधारले होते. औषधानं आकडी येईपर्यंतचे क्षण रुग्णाला जीवघेण्या भीतीचे जात. एप्रिल १९३८ मध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी औषधाऐवजी वीज वापरली. पहिला रुग्ण रेल्वे स्टेशनवर भटकताना पोलिसांना सापडलेला, भ्रमात बोलणारा माणूस होता. विजेनं शुद्ध तत्क्षणी जाते, म्हणून तुलनेनं ती दयाळू पद्धत होती. आकडीत हाडं मोडतात हे लगेच लक्षात आलं आणि १९४० मध्येच क्युरारे देऊन स्नायू सैल करण्याचे प्रयोग झाले. १९५० च्या दशकात सक्सिनिलकोलिन आलं. आपल्या ओ.टी.तला प्रत्येक जण त्याला 'स्कोलिन' म्हणतो. म्हणजे मी मान डोलावली त्याच्या कितीतरी आधीपासून ते औषध बाजारात होतं. नव्हता तो भूलतज्ज्ञ, आणि तो हवाच असा आग्रह धरणारा कुणी.

आग्रह शेवटी कायद्यानं धरला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अंमल २०१८ पासून. त्याच्या ९५ व्या कलमानं भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यास बंदी घातली. अठरा वर्षांखालच्यांना ती द्यायची तर पालकांच्या संमतीसोबत पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. तातडीचा उपचार म्हणूनही ती देता येत नाही. आमच्या क्षेत्रातल्या काही ज्येष्ठांना या कायद्याचा त्रास वाटला, विशेषतः शेवटच्या दोन अटींचा. खाणंपिणं पूर्ण थांबलेल्या रुग्णासाठी थांबायला वेळ नसतो, हा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्या अटींबद्दल या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. पण डायरेक्ट ईसीटी बंद झाली याबद्दल मी कायद्याची ऋणी आहे. माझ्या मते तो दिवस वीसेक वर्षं आधी यायला हवा होता.

आता आमच्या खोलीत काय होतं ते सांगते, कारण बहुतेक वाचकांनी ते कधी पाहिलेलं नसतं.

सकाळी आठ. रुग्ण उपाशीपोटी, कृत्रिम दात असतील तर काढून ठेवलेले, केसांना तेल नाही. तेल असलं तर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही आणि वीज अडते, म्हणून आदल्या दिवशी नुसत्या शिकेकाईनं न्हायला सांगतो. मनगटावर सलाईनची सुई, छातीवर ईसीजीच्या पट्ट्या, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. उजव्या घोट्याच्या वर बीपीचा पट्टा बांधलेला. भूलतज्ज्ञ औषध देतात, दहा-पंधरा सेकंदांत डोळे मिटतात. मग घोट्यावरचा पट्टा घट्ट फुगवायचा आणि त्यानंतरच स्कोलिन द्यायचं. सगळ्या अंगभर बारीक थरथर जाते आणि अंग सैल पडतं. पट्ट्याच्या खालच्या पावलात मात्र औषध पोचत नाही. तोंडात रबरी गॅग, अंबू बॅगनं ऑक्सिजन, आणि मग बटण. चेहरा क्षणभर आवळतो. बाकी शरीर स्तब्ध. फक्त उजवं पाऊल हलत राहतं. अंगठा वर-खाली, वर-खाली, आधी भराभर, मग सावकाश. सिस्टर मोठ्यानं सेकंद मोजतात. वीस, तीस, पस्तीस. पाऊल थांबतं. ईईजीची दाटलेली रेघ सपाट होते. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. अर्ध्या तासात रुग्ण उठून बसतो आणि बहुतेकदा पहिला प्रश्न विचारतो, "झालं? कधी झालं?"

नवीन नातेवाइकांना आम्ही दाराच्या काचेतून हे पाहू देतो, अर्थात रुग्णाची ना नसेल तर. यावर आमच्यात बराच वाद झाला. मी आधी विरोधात होते. आमच्या सगळ्यांत जुन्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, दार बंद केलं की आत सिनेमा सुरू होतो." काच त्यांनी बसवून घेतली.

हा उपचार कुणाला? तीव्र नैराश्य, विशेषतः ज्यात भ्रम आहे, अन्न सुटलंय, जीव द्यायचे विचार थांबत नाहीत. कॅटाटोनिया, म्हणजे माणूस बोलत नाही, हलत नाही, हात वर करून ठेवला तर तसाच वर राहतो. लोराझेपामनं तो उतरला नाही तर ईसीटीसारखा दुसरा उपाय नाही. आमच्याकडे असे रुग्ण बऱ्याचदा देवऋष्याकडे दोन-तीन महिने काढून येतात. मी देवऋष्यावर रागावत नाही. त्याच्याकडे रस्ता गेला होता, आमच्याकडे गेला नव्हता. 'निमहान्स'नं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के जणांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. आपला आकडा वेगळा असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही.

धोका किती? परदेशातल्या मोठ्या नोंदींनुसार दर एक लाख उपचारांमागे सुमारे दोन मृत्यू, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या भुलीएवढा. डोकं दुखतं, अंग दुखतं, थोडा वेळ गोंधळायला होतं. विस्मरणाकडे मी पुढे येणार आहे, ते असं एका ओळीत उरकण्यासारखं नाही.

मात्र सबंध कार्यक्रम ज्याच्यावर उभा आहे तो माणूस भूलतज्ज्ञ आहे, आणि हे मी पुन्हा पुन्हा लिहीन. आमच्या पट्ट्यात मशीन विकत घ्यायला देणगीदार मिळतात. मशीनला फीत कापता येते. आठवड्यातून दोन सकाळी, आठ ते साडेदहा, न चुकता येणारा भूलतज्ज्ञ मिळवणं हेच माझं चौदा वर्षांतलं मुख्य प्रशासकीय काम होतं. सिझेरियन आलं की ते जाणार, अपघाताची केस आली की ते जाणार, आणि त्यांचं जाणं योग्यच. सुरुवातीची दोन वर्षं मी त्यांच्या येण्याला उपकार समजत होते. नंतर त्यांना कार्यक्रमाचे सहप्रमुख केलं. कोणत्या रुग्णाला कोणती भूल, कुणाची तारीख पुढे ढकलायची, कुणाच्या हृदयाची आधी तपासणी हवी, हे निर्णय त्यांचे झाले. येणं नियमित झालं. नव्यानं कार्यक्रम सुरू करणाऱ्यांना माझा एकच सल्ला असतो: मशीनची ऑर्डर देण्याआधी भूलतज्ज्ञाबरोबर बसून वेळापत्रक लिहा. ते लिहिता आलं नाही तर मशीन घेऊ नका.

ईसीटी संपल्यावर काय, हा दुसरा कच्चा दुवा. सहा ते बारा वेळा उपचार होतात, माणूस हसायला लागतो, घरचे देवाला नारळ फोडतात आणि गोळ्या बंद होतात. 'बरा झालाय की आता.' २००१ साली सॅकाइम आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासाचे आकडे मी प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला तोंडपाठ करायला लावते. ईसीटीनं बरं झाल्यावर ज्यांना नुसती औषधासारखी दिसणारी गोळी दिली, त्यांच्यातले ८४ टक्के सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले. नॉरट्रिप्टिलिन दिलेल्यांत ६० टक्के, नॉरट्रिप्टिलिनसोबत लिथियम दिलेल्यांत ३९ टक्के. ईसीटी माणसाला विहिरीतून वर काढते, पण काठावर धरून ठेवायला दुसरं काही लागतं. ते 'दुसरं काही' आमच्या केंद्रात घडूच शकत नाही. ते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, महिन्याच्या ठरलेल्या वारी, लिथियमची पातळी तपासून घडायला हवं. विभागीय कार्यक्रमात 'विभागीय' या शब्दाचा खरा अर्थ इथं आहे. केंद्र एक असलं तरी चालेल, पण परतीच्या वाटेवर प्रत्येक तालुक्यात रुग्णाला ओळखणारा एक माणूस हवा. पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण या परतीच्या वाटेचं आहे, आणि ते समाजसेवा अधीक्षकांनी लिहिलं आहे.

मेंदू-उत्तेजनाचा दुसरा उपचार म्हणजे टीएमएस, चुंबकीय उत्तेजन. त्याची गोष्ट वेगळी आहे. इथं भूल नाही, आकडी नाही, उपास नाही. १९८५ मध्ये शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी दाखवलं, की डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, क्षणभर जोरदार वीज सोडली तर तयार होणारं चुंबकीय क्षेत्र कवटी ओलांडून मेंदूत पोचतं आणि तिथल्या पेशी चेतवतं. २००८ मध्ये अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला मान्यता मिळाली. पहिल्या दिवशी आम्ही रुग्णाची मात्रा ठरवतो. कॉइल डाव्या कानाच्या वरच्या बाजूला, हात हलवणाऱ्या भागावर टेकवायची आणि हळूहळू जोर वाढवायचा. एका क्षणी उजव्या हाताचा अंगठा आपोआप टुणकन हलतो. रुग्ण आपल्याच अंगठ्याकडे बघत राहतो. 'डोक्यात काहीतरी बिघडलंय' हे त्यानं ऐकलेलं असतं. डोकं आणि हात यांच्यामधली तार शाबूत आहे, हे त्याला तिथं डोळ्यांनी दिसतं. मग कॉइल पुढे, कपाळाच्या डाव्या बाजूकडे सरकवून खरा उपचार सुरू होतो. टक-टक-टक-टक, थोडी विश्रांती, पुन्हा टक-टक. इचलकरंजीचे एक माग चालवणारे गृहस्थ कानात बोळे घालून घ्यायला तयार नव्हते. "याच आवाजात तीस वर्षं झोपलोय मी," म्हणाले. त्यांना समजावून बोळे घालावेच लागले. तो आवाज कानाला इजा करतो, आणि मागानं आधीच बरीच केलेली होती.

आता अडचण. नेहमीच्या पद्धतीनं एक बैठक साडेसदतीस मिनिटांची, आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. शहरात ऑफिसला जाता-जाता हे जमतं. आटपाडीहून रोज यायचं म्हणजे महिनाभराची मजुरी आणि भाडं, आणि सोबत येणाऱ्याचीही तेवढीच. पहिल्या वर्षी गावाकडच्या किती जणांनी दुसऱ्या आठवड्यातच येणं सोडलं, ते आमच्या हजेरीच्या वहीत दिसतं. 'रुग्ण सहकार्य करत नाही' असा शेरा मी स्वतःच्या हातानं मारलेला आहे. तो शेरा चुकीचा होता. सहकार्य आम्ही करत नव्हतो.

२०१८ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासानं वाट थोडी मोकळी केली. चारशेवर रुग्णांत साडेसदतीस मिनिटांच्या पद्धतीची तुलना 'थीटा बर्स्ट' नावाच्या तीन मिनिटांच्या पद्धतीशी केली, आणि तीन मिनिटांची पद्धत कमी पडली नाही. म्हणजे एकाच मशीनवर दिवसाला कितीतरी जास्त रुग्ण. तरीही रोजचा प्रवास उरतोच. स्टॅनफर्डमध्ये एका दिवसात दहा बैठका आणि पाच दिवसांत उपचार पूर्ण, अशी पद्धत निघाली. २०२२ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. तिच्यासाठी वापरलेली मेंदूच्या स्कॅनवरून जागा शोधण्याची रीत आपल्याला परवडणारी नाही, आणि ती न वापरता तेवढाच गुण येईल असं मी कुणाला सांगणार नाही. पण 'पाच दिवस धर्मशाळेत राहा' हे आमच्या माणसाला कळतं आणि जमतं. पंढरीला जायचं तर तो पंधरा-वीस दिवस घर सोडतोच. आमच्या पट्ट्यासाठी संशोधन करायचंच असेल तर ते या दिशेनं व्हावं अशी माझी इच्छा आहे.

टीडीसीएस, व्हेगस नर्व्ह, डीप ब्रेन स्टिम्युलेशन या मेंदू-उत्तेजनाच्या बाकीच्या प्रकारांची ओळख पुस्तकात आहे, पण थोडक्यात. टीडीसीएस स्वस्त आहे, डोक्याला ओल्या स्पंजाच्या पट्ट्या बांधून घरीही घेता येतं, म्हणून त्याची जाहिरात जोरात होते. त्याबद्दलचे निष्कर्ष अजून एकमेकांशी जुळत नाहीत, तोवर जाहिरात वाचून कुणी पैसे घालवू नयेत. आणि टीएमएस हा 'शॉकचा सौम्य भाऊ' आहे असं जे सांगितलं जातं, त्याला माझा ठाम विरोध आहे. अन्न सोडलेल्या, भ्रमात गेलेल्या माणसाला टीएमएसवर सहा आठवडे घालवायला लावणं धोक्याचं आहे. घाबरलेल्या कुटुंबाला सोपं ते द्यावंसं वाटतं. तिथं डॉक्टरनं खरं बोलायला हवं.

खरं बोलण्याचा विषय निघालाच आहे, तर विस्मरणाबद्दल लिहिते. ही प्रस्तावना मी लिहायचं कबूल केलं ते यासाठीच.

एक शिक्षिका आमच्याकडे आल्या होत्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना आलेलं नैराश्य, शेवटी अंथरुणातच. त्यांना आठ वेळा ईसीटी दिली, दोन्ही बाजूंनी. त्या सुंदर बऱ्या झाल्या. संमतीच्या वेळी त्यांनी विचारलं होतं, "विसरायला होईल का?" मी म्हणाले, "थोडं होतं, सगळं परत येतं." चार महिन्यांनी त्या तपासणीला आल्या, नीट जेवत होत्या, झोपत होत्या, शाळेत जात होत्या. जाताना दारात थांबल्या. "मॅडम, माझ्या मुलीचा साखरपुडा मला आठवत नाही. फोटोत मी हसतेय, निळी पैठणी नेसलेय. साडी कुठून घेतली तेही आठवत नाही." साखरपुडा उपचाराच्या पाच आठवडे आधी झाला होता. मी त्यांना पुन्हा सांगितलं, येईल परत. वर्ष झालं. आला नाही.

नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्ती बहुतेकांत काही आठवड्यांत पूर्ववत होते, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. पण उपचाराच्या आसपासच्या आठवड्यांतल्या, क्वचित महिन्यांतल्या काही आठवणी कायमच्या जाऊ शकतात. मला हे ठाऊक होतं. मी ते सांगितलं नाही, कारण मला भीती वाटली की त्या नाही म्हणतील आणि मग त्यांना मी गमावीन. माझा हेतू चांगला होता. पण आठवण त्यांची होती, आणि ती पणाला लावायची की नाही हे ठरवण्याचा हक्क मी त्यांच्याकडून काढून घेतला. त्यानंतर आम्ही शक्य तिथं फक्त उजव्या बाजूनं, अगदी छोट्या स्पंदांची वीज वापरायला लागलो. त्यात विस्मरण कमी होतं, कधीकधी एक-दोन उपचार जास्त लागतात. संमतिपत्र नव्यानं लिहिलं. त्यात 'काही आठवणी परत येणार नाहीत अशी शक्यता आहे' हे वाक्य ठळक अक्षरात, वरच्या तिसऱ्या ओळीत आहे. ते वाचून नाही म्हणणारे आहेत. कमी आहेत, पण आहेत, आणि त्यांना आम्ही दुसरा मार्ग देतो.

ते संमतिपत्र मी त्या बाईंना वाचायला पाठवलं. उत्तरादाखल त्यांनी शाळेच्या वहीतलं आखीव पान पाठवलं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. उपचार सुरू होण्याआधी रुग्णानं घरातल्या कुणाबरोबर तरी बसून काय काय लिहून ठेवावं, याची यादी. फोन नंबर आणि एटीएमचा पिन. दागिने कुठं ठेवलेत. कुणाकडून किती उसने घेतले, कुणाला दिले. गेल्या सहा महिन्यांत घरात कोणतं कार्य झालं, कोण कोण आलं होतं, आपण काय नेसलो होतो. कुणाशी भांडण झालं आणि ते मिटलं का. कोणती भाजी अलीकडे जमायला लागली. आमच्याकडे आता प्रत्येक रुग्णाला पहिल्या उपचाराच्या आदल्या दिवशी शंभर पानी वही मिळते, आणि वहीच्या पहिल्या पानावर ही यादी चिकटवलेली असते. बाईंनी आपलं नाव घालू नका असं सांगितलं आहे. त्यांचं ते पान पुस्तकाच्या शेवटी, त्यांच्याच अक्षरात छापलं आहे.